भिंतीपलीकडचे बावीस सेकंद

खांबेटे बोलता बोलता थांबायचे. आपण थांबतो तसे नव्हे. वाक्याच्या मधोमध, क्रियापदाच्या अलीकडे. "वहिनी, तुमचा कचऱ्याचा निळा बिन उद्या बाहेर..." एवढं म्हणायचे आणि दोन्ही हात किंचित वर, बोटं सैल, नजर माझ्या डोक्यावरून पार पलीकडे. पापणी हलायची नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, गेले! माझ्या दारात गेले! ॲम्ब्युलन्सला फोन करायचा तर इथला नंबर काय, हेच मला आठवेना. तेवढ्यात खांबेट्यांनी दोन्ही पाय जमिनीवर दाबले आणि "...ठेवायचा आहे," म्हणून वाक्य पुरं केलं.

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

"उत्तम. बावीस सेकंद झाले. दिवसातून तीनदा करतो, असेन तिथे."

"काय करता?"

"वजन नसण्याचा सराव."

झालं! म्हटलं, पुण्याहून इतक्या लांब येऊन शेजार मिळाला तो हा.

हे आयर्लंडमधल्या नास गावातलं. डब्लिनला नोकरी आणि डब्लिनची घरं परवडत नाहीत, अशी माणसं नासला राहतात, तसेच आम्हीही. एकाला एक चिकटलेली दोन घरं, मधे एकच भिंत, आणि भिंतही अशी की पलीकडे कुणी शिंकलं तर इकडे "सत्य आहे" म्हणावं. आम्ही राहायला आलो आणि तीन आठवड्यांत कोविडनं दारं लावली. माझा नवरा अभय वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसला तो बसलाच. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढत होते. आणि भिंतीपलीकडे खांबेटे. पंचावन्नच्या आसपास, सडसडीत, चष्म्याला दोरी. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात व्हॅलिडेशन इंजिनिअर. म्हणजे यंत्र चालतं हे पुरेसं नाही, ते चाललं असं कागदावर सिद्ध करायचं. त्यांचं लाडकं वाक्य होतं, "नोंद नाही, म्हणजे झालंच नाही." सकाळी मी "चहा झाला का?" विचारलं, तर ते खिशातली वही बघून सांगायचे.

एकदा मागच्या कुंपणावरून त्यांनी मला सगळा प्रकार समजावला. फ्रान्समध्ये एक विमान आहे. तिकीट काढून बसायचं. ते समुद्रावर जातं, नाक वर करून जोरात चढतं आणि मग वैमानिक इंजिनाचा जोर काढून घेतो. वर फेकलेला दगड जसा कमान करून येतो, तसं ते विमान येतं आणि आतली माणसं तरंगतात. बावीस सेकंद. मग विमान सावरतं आणि अंगावर जवळजवळ दुप्पट वजन येऊन पडतं. असं पंधरा वेळा. माझ्या हातात तेव्हा कालथा होता, तो घेऊन त्यांनी हवेत कमान काढून दाखवली.

"म्हणजे लोक मजेत तरंगतात तर," मी म्हटलं.

"तरंगत नाहीत, वहिनी. पडत असतात. फक्त पायाखालची जमीनही बरोबर पडत असते, म्हणून कळत नाही."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. कालथा परत घेऊन मी आत गेले. त्यांनी दोन तिकिटं काढून ठेवली होती. एक स्वतःचं आणि एक मृदुलाचं. मृदुला म्हणजे बायको. तिचा विषय रोज निघायचा आणि नेहमी वर्तमानकाळात. "मृदुलाला कारलं आवडत नाही." "मृदुला अशा धुक्यात चिडते." मी तिथे राहायला आल्यापासून मृदुला काही माझ्या दृष्टीस पडली नव्हती.

त्यांच्या घरात एकदाच डोकावले होते, दारातून, तोंडाला मास्क लावून. टेबलावरचा कप टेबलाला चिकटवलेला. चिकटपट्टीचे ते काटेरी तुकडे असतात ना, चपलेला असतात तसे, ते सगळीकडे. रिमोटला, पेनाला, साखरेच्या डब्याला. कप उचलला की चर्रकन आवाज यायचा. "गुरुत्वाकर्षणावर विसंबून राहायची सवय मोडायला हवी," म्हणाले. मी म्हटलं, मोडा बापडे.

पण शनिवारचं काही मला झेपेना.

शनिवारी सकाळी अकरा वाजले की भिंतीपलीकडे, वरच्या मजल्यावर, खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मग खांबेट्यांचा आवाज, एरवीपेक्षा हळुवार. "मृदुला, तयार?" उत्तर नाही. "वर... वर... सोडलं." आणि मग शांतता. त्या शांततेत बाहेर एखादी गाडीसुद्धा नसायची, तेव्हा गाड्या होत्याच कुठे! नुसतं धुकं आणि रांगेत उभे असलेले बिन. मी हातात ओला टॉवेल धरून आपोआप मोजायला लागायचे. वीस, एकवीस, बावीस. "पाय खाली!" आणि धप्प. काहीतरी जड, मऊ, माणसाएवढं. पुन्हा खुर्ची. पुन्हा "मृदुला, तयार?" असे मोजून पंधरा धप्प. मग नळाचा आवाज, संपलं.

अभयला सांगितलं. हेडफोन एका कानावरून सरकवून तो म्हणाला, "वॉशिंग मशीन असेल गं."

"वॉशिंग मशीनला कुणी मृदुला म्हणतं का?"

"खांबेटे म्हणत असतील," म्हणाला आणि हेडफोन परत कानावर.

समोर ब्रीडा राहायची. सत्तरीची, कुबडी टेकत रोज गेटपर्यंत येऊन सगळ्यांची खबर घेणारी. आयरिश लोक समोर नसलेल्या कुणाही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. म्हणजे खांबेटे माझे कुणी नसताना माझ्या गळ्यात. ब्रीडा एक दिवस रस्त्यापलीकडून मला म्हणाली, "तुझ्या त्या युअर मॅनच्या वरच्या खिडकीत एक बाई बसते हं. पिवळा स्वेटर. ग्रँड, बरं झालं, बिचाऱ्याला सोबत आहे."

"हो का? मला नाही दिसली कधी."

"तुझ्या बाजूनं नाही दिसणार." मग तिनं छातीवर क्रूस काढला. "फक्त तिला डोकं नाहीये, लव्ह."

मी हसले. ब्रीडा हसली नाही. मग मी पण तिच्या फाटकाशी गेले, दोन मीटर सोडून उभी राहिले आणि वर पाहिलं. पिवळा स्वेटर होता. खांदे होते. मांडीवर ठेवलेले हात असावेत असं काहीतरी होतं. आणि खांद्यांच्या वर पडदा.

आता गंमत ऐका. याच काळात खांबेटे मला तांदूळ द्यायला लागले. दर शनिवारी दुपारी दाराशी एक डबा, वर चिकटपट्टीवर तारीख आणि वजन. कधी दोनशे ग्रॅम, कधी चारशे, एकदा साडेसहाशे. मार्चमध्ये सगळं जग तांदूळ कोंबून ठेवत होतं, तेव्हा या गृहस्थांनी इंडियन दुकानातून वीस वीस किलोची पोती घरात नेली होती. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात चिक्कार नावं ठेवली होती. आता वाटलं, बघ, माणूस मनानं मोठा आहे, वाटून खातो. उत्तम कोलम होता. मी त्याची खिचडी केली, मसालेभात केला, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला साखरभात केला. डबा परत देताना म्हटलं, "काय सुरेख तांदूळ आहे हो, शीत न् शीत मोकळं!" खांबेट्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच बोलले असावे. मग म्हणाले, "हं. या आठवड्याला जास्त निघाला."

आणि मग तो शनिवार आला. आठ धप्प झाले. नववं "मृदुला, तयार?" झालं, "सोडलं" झालं. मी मोजत होतेच. बावीस झाले. तीस झाले. साठ झाले. "पाय खाली" नाही, धप्प नाही, काही नाही. मी भिंतीला कान लावला. पलीकडून कुणीतरी भिंतीलाच टेकून श्वास घेतंय असं वाटलं. शंभरावर मी मोजणं सोडलं आणि मागच्या दारानं धावले. त्यांचं मागचं दार उघडंच होतं. जिना चढून मी वरच्या खोलीत शिरले.

खोलीत गाद्या अंथरलेल्या. गादीवर खांबेटे उताणे. आणि त्यांच्या छातीवर, पिवळ्या स्वेटरमध्ये, हात पसरून पालथी पडलेली, बिनडोक्याची बाई.

मी किंचाळले.

"दोन मीटर, वहिनी!" खांबेटे तिच्याखालून म्हणाले. "दोन मीटर! माझ्या तोंडाला मास्क नाहीये."

पाठीत उसण भरली होती, बाकी काही नव्हतं. मी कसले दोन मीटर पाळते! बाईला काखेत धरून ओढायला गेले, तर ती हलेना. आणि हाताला लागलं ते मी ओळखलं. उशांचे अभ्रे एकमेकांना शिवून केलेलं धड, जाड कापडाचे पाय, आणि आत ठासून तांदूळ.

खांबेटे भिंतीला टेकून बसले. पहिलं काय केलं असेल, तर वहीत लिहिलं: नववी फेरी, अयशस्वी. मग मला सांगितलं.

मृदुलाताईंचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि कमरेखालचं सगळं गेलं होतं. मलिंगारच्या बाजूला एका नर्सिंग होममध्ये त्यांना सहा आठवड्यांसाठी ठेवलं होतं. आम्ही राहायला आलो त्याच्या दोनच आठवडे आधी. सहा आठवडे व्हायच्या आत दारं बंद झाली. मग त्यांना पाठीला जखमा झाल्या, मग ताप, मग आणखी काही, आणि घरी आणणं राहिलं ते राहिलंच. भेटायला परवानगी नाही. कधी परवानगी मिळालीच तर खिडकीच्या काचेतून. विमानाची कल्पना त्यांचीच होती. ऑपरेशननंतर शुद्धीवर येऊन परिस्थिती कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "पाय गेले तर गेले. पाय लागत नाहीत अशी एखादी जागा शोधा." खांबेट्यांनी शोधली.

"पण हे कशाला?" मी त्या स्वेटरकडे न बघता विचारलं.

"बाविसाव्या सेकंदाला तिला गादीवर आडवं करता आलं पाहिजे. नाहीतर दुप्पट वजनानं आपटेल. विमानात मदतनीस असतात, पण त्यांनी मृदुलाला उचललेलं नाही. मी उचलतो. म्हणून डमी लोड. तिच्या वजनाचा."

"अहो, पण तिथे वजनच नसणार ना?"

"वर्स्ट केस, वहिनी. टेस्ट नेहमी वर्स्ट केस धरूनच करायची."

"आणि डोकं?"

"डोक्याचं वजन धडात धरलंय."

मला हसूही येईना, रडूही येईना. मग त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. दर शनिवारी सकाळी दहाला तिथली नर्स फोन करून वजन सांगते. सुरुवात एक्कावन्न किलो. तिथलं उकडलेलं जेवण मृदुलाताईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. एक्कावन्न, साडेपन्नास, पन्नास... "डमी लोड आणि खरा लोड जुळले पाहिजेत. म्हणून जितकं कमी झालं, तितकं काढतो." कागदावर बेचाळीसच्या जागी एक लाल रेघ होती. "बेचाळीसच्या खाली गेली तर डॉक्टर विमानाच्या फॉर्मवर सही करणार नाहीत. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय."

आकडा त्या दिवशी सेहेचाळीस होता.

मी घरी आले आणि बाथरूमच्या फरशीवर बसले. मृदुलाताईंचे पाच किलो मी खाल्ले होते. तूप घालून, लिंबू पिळून. "शीत न् शीत मोकळं" म्हणाले होते मी त्या माणसाला! त्यांनी तरी दुसरं काय करायचं होतं? बायकोच्या अंगावरून उतरलेले तांदूळ स्वतः शिजवून खाववेनात, टाकवेनात. मग भिंतीपलीकडे दिले.

त्यानंतरही डबे येत राहिले. पूर्ण हिवाळाभर. मी ते शिजवले नाहीत. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात, त्या प्रेसमध्ये एक खण रिकामा करून मी डबे तसेच तारखांसकट मांडून ठेवले. कपाट उघडलं की बाई बसल्यासारखं वाटायचं. मी मसाल्याचा डबासुद्धा दुसरीकडे हलवला. पंचेचाळीस. चव्वेचाळीस सहाशे. शनिवारी भिंतीपलीकडचे धप्प हलके व्हायला लागले होते, आणि मला आता ते ऐकवत नव्हते. धप्प जितका हलका तितकी मी घाबरायचे. त्रेचाळीसला आलो तेव्हा मी देवासमोर जाऊन सरळ भांडले. म्हटलं, इतक्या लोकांचं वजन घरी बसून वाढतंय, माझं सात किलो वाढलंय, त्यातलं दे तिला!

वसंतात नर्सिंग होमनं बाहेरचा डबा घ्यायला परवानगी दिली. खांबेट्यांनी मला दारातून सांगितलं आणि मी लॅपटॉप धाडकन मिटला. आमटी-भात, मेतकूट, दुधी भोपळ्याची भाजी, पातळ पोहे, शिरा. कारलं नाही. खांबेटे डबे शिवून घेतल्यासारखे टॉवेलात गुंडाळायचे, गाडीच्या सीटला पट्ट्यांनी बांधायचे आणि वाटेत अडवणाऱ्या पोलिसांना डबा देण्याचं कारण सांगून मलिंगारला जायचे. मी फक्त डबे भरत होते. आतून निरोप कधी आला नाही.

दुसरा शनिवार. दहा वाजून गेले, साडेदहा झाले. माझी बेल वाजली. दारात खांबेटे, हातात रिकामा डबा.

"वहिनी," ते म्हणाले, आणि थांबले. बावीस सेकंदांचं थांबणं नव्हतं ते. "थोडे तांदूळ मिळतील का? तीनशे ग्रॅम."

"परत?"

"परत."

मी प्रेस उघडली. घाईघाईत निम्मे तांदूळ ओट्यावर सांडले. वजनकाट्यावर तीनशे मोजून दिले, वर एक मूठ जास्त टाकली. खांबेट्यांनी ती मूठ काढून मला परत दिली. म्हणाले, "ही तिला अजून आलेली नाही." पण हसत होते! पहिल्यांदाच त्यांचे दात पाहिले मी. त्या दिवशी अकरा वाजता धप्प झाला, तर मी इकडून भिंतीवर थाप मारली. अभय म्हणाला, "काय गं, वॉशिंग मशीन का?"

उन्हाळ्यात मृदुलाताई घरी आल्या. सत्तेचाळीस किलो, डोक्यासकट. चाकाच्या खुर्चीत, केस अगदी बारीक कापलेले, डोळे मात्र असे की कुठलीही गोष्ट एकदाच बघून घेतात. पहिल्या दिवशी त्यांनी वरच्या खोलीतली तांदळाची मृदुला पाहिली. तिचा स्वेटर काढून घेतला, स्वतः घातला आणि म्हणाल्या, "आता ही उघडीच राहू दे. माझ्यासारखीच दिसते बया." ब्रीडा फुलं घेऊन आली आणि आधी दुरून डोकं पाहून मगच जवळ आली.

फ्रान्सहून मेल आला. शरद ऋतूतली एक फेरी ठरली, डॉक्टरांची सही झाली. खांबेट्यांनी सत्तावीस पानांचा प्रोटोकॉल काढला. कुठल्या सेकंदाला डावा हात कुठे, उजवा कुठे. मला साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं. त्यांनी सगळा वाचून दाखवला. मृदुलाताईंनी तो मधे न बोलता ऐकला.

"झालं?" त्या म्हणाल्या. "मग आता माझं ऐका. दीड वर्ष झालं, मला कुणी ना कुणी धरलेलंच आहे. अंघोळीला धरतात. पलंगावरून धरतात. फोटो काढायला धरतात. तुम्ही तर मी नसतानाही मला धरून बसलात. तिथे मला धरायचं नाही. मदतनीस करतील काय ते. तुम्ही हात लावायचा नाही."

खांबेट्यांचा चेहरा असा झाला, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांच्या हातात ती सत्तावीस पानं होती. आठ आठवडे पाठीला पट्टा बांधून हा माणूस पुन्हा तांदूळ उचलायला लागला होता. मग त्यांनी पेन चर्रकन सोडवलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं: धरणार नाही. खाली सही केली. मीही केली.

ऑक्टोबरात दोघं जाऊन आले. आल्यावर मृदुलाताई दमून झोपल्या होत्या, तेव्हा खांबेटे एकटेच आमच्याकडे व्हिडिओ घेऊन आले. त्याला आवाज नव्हता. पांढऱ्या गाद्यांची लांबलचक नळी, निळसर उजेड, आणि सगळी माणसं एकदम, कुणी ओढल्यासारखी, जमिनीपासून सुटतात. मी सोफ्याची कड घट्ट पकडली. पडताहेत सगळे, हे माहीत असल्यावर ते बघवत नाही. मृदुलाताई छतापाशी होत्या. पाय मागे लांब सुटलेले, त्यांचे नसल्यासारखे. आणि तोंड उघडं. हसत होत्या की ओरडत होत्या, कळत नव्हतं. मदतनिसांनी वेळेवर त्यांना अलगद खाली आणलं. पुन्हा वर. पुन्हा खाली.

"तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

खांबेट्यांनी बोट ठेवलं. ते खाली होते. गादीवर उताणे, पावलं जमिनीवरच्या पट्ट्यात अडकवलेली. दोन्ही हात स्वतःच्या पाठीखाली दाबून ठेवलेले.

"अहो, तुम्ही तरंगलाच नाहीत?"

"हातांचा भरवसा नव्हता," ते म्हणाले. "आपोआप गेले असते तिच्याकडे."

पंधरावी फेरी लागली. मृदुलाताईंनी या वेळी छताचा दोर एका हातानं धरला आणि खाली पाहिलं. खाली, नवऱ्याकडे. काहीतरी म्हणाल्या. खांबेट्यांनी मान हलवली, नाही. त्या परत म्हणाल्या. मग त्यांनी पावलं पट्ट्यातून सोडवली आणि एक हात पाठीखालून काढला, अगदी थोडासा. मृदुलाताईंनी वरून वाकून त्याची दोन बोटं पकडली आणि त्यांना उचललं. पंचावन्न वर्षांचा सत्तर किलोचा माणूस, त्या सत्तेचाळीस किलोच्या बाईनं दोन बोटांनी, वर.

व्हिडिओ तिथेच संपला. खांबेटे मान खाली घालून स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"ऑपरेशननंतर," ते म्हणाले, "तिनं आपणहून माझा हात धरला, तो तेव्हा पहिल्यांदा."

मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.